पुण्यात पाकाला थर्मामीटर लावताना

कृतीत ‘गोळीबंद पाक, ११२ ते ११६ अंश’ असं लिहिलेलं असतं. हा आकडा समुद्रसपाटीचा. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर, त्यामुळे इथे साधं पाणीच ९८ च्या आसपास उकळतं. सिंहगडावर तर ९५-९६ ला. म्हणून नुसता आकडा पाहू नका, पाक साध्या पाण्याच्या किती वर गेला ते पाहा.

आधी पाण्याचा आकडा काढा. जाड बुडाच्या पातेल्यात ५०० ग्रॅम पाणी काट्यावर तोलून घ्या. नळाचं चालेल, त्यातल्या क्षारांनी अंशाच्या शंभराव्या भागाएवढाच फरक पडतो. खापराचे दोन-चार धुतलेले तुकडे टाका, नाहीतर गुळगुळीत स्टीलमध्ये पाणी जास्त तापूनही गप्प राहतं आणि मग एकदम उसळतं. थर्मामीटरचं टोक पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकवू नका. खळखळ उकळी आल्यावर आकडा दोन मिनिटं हलला नाही की लिहून ठेवा. पावसाळ्यात हवेचा दाब उतरतो, पाव अंशाचा फरक पडू शकतो. तेव्हा एकदा मोजून कायमचं सुटत नाही.

थर्मामीटरवर विश्वास बसायचा असेल तर मिठाने तपासा. गॅस बंद करून उकळी बसू द्या, मग ५८ ग्रॅम मीठ घाला. उकळत्यात टाकलं तर पाणी फसफसून वर येतं आणि लोकांना वाटतं, मिठाने उकळी लवकर आली! मिठाच्या कणांवर बुडबुडे धरतात, एवढंच. पुन्हा उकळा: आकडा सुमारे २ अंश वर दिसेल. वाढ बरीच जास्त आली तर पाणी उडून गेलंय. पातेलं पुन्हा तोला. वाढ दिसलीच नाही तर टोक बहुधा वाफेत आहे. वाफ शुद्ध पाण्याचीच असते, टोकावर तिचं पाणी होतं आणि आकडा ९८ च दिसतो. (लिटरभर आमटीतल्या चमचाभर मिठाने सुमारे दशांश अंशच वाढतो, डाळ लवकर शिजणं दूरच.)

विरघळलेल्या कणांमुळे पाण्याची वाफ व्हायची ओढ कमी होते, म्हणून जास्त तापवावं लागतं. इथे वजनाला नाही, कणांच्या संख्येला महत्त्व. मिठाचे पाण्यात दोन कण होतात, साखरेचा एकच, तोही जड. म्हणून तेवढ्याच साध्या पाण्यात ३४२ ग्रॅम साखर घालूनही वाढ साधारण एका अंशाची.

आता पाक. ५०० ग्रॅम साखर, ५०० ग्रॅम पाणी. थर्मामीटर २०० अंशांपर्यंतचा हवा, प्रयोगशाळेतला ११० चा इथे फुटेल. सुरुवातीला १६५ ग्रॅम पाणी उडालं तरी पारा एखादा अंशच चढतो, माणूस कंटाळतो. शेवटी मात्र ३५-४० ग्रॅम उडालं की साडेतीन-चार अंशांची उडी. म्हणून ८ अंश वर गेल्यावर आच मंद करा आणि तिथून हलू नका. गोळीबंद पाक १२ ते १६ अंश वर, म्हणजे पुण्यात ११० ते ११४. इथे ११६ ची वाट पाहिलीत तर वडी दगड होईल.

पुढे गेलाच आणि रंग बदलला नसेल, तर गॅस बंद करून दोन चमचे गरम पाणी कडेने सोडा, ढवळा आणि परत उकळून मोजा.