अंगण लेव्हलिंगचा दर काढताना

चौरस फुटाचा दर फोनवर सांगून मोकळे होऊ नका. जागेवर जाऊन पाण्याच्या नळीने लेव्हल घ्या, दर दहा फुटांवर खुंटी ठोका. जोत्यापासून दहा फुटांत अडीच इंच उतार धरून भराव मोजा.

१,००० चौरस फूट, सरासरी सहा इंच म्हणजे ५०० घनफूट, पाच ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). मुरूम मात्र सव्वासहा ब्रास धरा; पाणी मारून रोलर फिरवला की तो बसतोच. बहुतेकांचं गणित इथेच फसतं. ट्रॉलीचा फाळका उघडण्याआधी टेप लावा, ‘ब्रासभर’ माल कधी ऐंशी घनफूटच निघतो.

गेट आठ फुटांपेक्षा अरुंद? मग जेसीबी विसरा, घमेल्यांची मजुरी लावा. जेसीबी शिरला तरी तासाभराच्या कामालाही त्याने ठरवलेल्या किमान तासांचं भाडं पडतं. उरलेली माती कोण उचलणार, हे कोटेशनमध्येच लिहा.