नववीत चाललंय लेकरू? अमेरिकेतल्या हायस्कूलचं प्लॅनिंग करताना या चुका टाळा

जानेवारी-फेब्रुवारी आला की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आठवीतल्या मुलांचं कोर्स सिलेक्शन सुरू होतं. कोणीतरी विचारतं, "ऑनर्स बायो घ्यायचं का हो?" (ऑनर्स म्हणजे त्याच विषयाची वरची, अवघड लेव्हल) आणि पाच मिनिटांत वीस उत्तरं येतात, प्रत्येकाचं आपापल्या मुलावर बेतलेलं. माझी मोठी मुलगी इथं न्यू जर्सीत हायस्कूल करून आता कॉलेजात आहे, धाकटा या सप्टेंबरमध्ये फ्रेशमन होतोय, म्हणजे नववीत जातोय. मोठीच्या वेळी आमचं जे चुकलं आणि आजूबाजूच्या घरांत जे चुकताना बघितलं ते सगळं लिहितेय, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी कोणी आधी सांगत नाही.

सगळ्यात आधी डोक्यातलं गणित बदला. आपण महाराष्ट्रात शिकलो तेव्हा नववी म्हणजे दहावीच्या आधीचं वर्ष, बोर्डाचे मार्क तेवढे खरे, नववीचे कोण विचारतंय. इथं तसं नाही. नववीच्या पहिल्या सेमिस्टरपासूनचे ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर (चारही वर्षांच्या ग्रेडची शाळेची अधिकृत नोंद) चढतात आणि चार वर्षं तिथंच राहतात. ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो की "यूसी नववी बघतच नाही". अर्धवट माहिती आहे ती. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी) जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढताना नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे ग्रेड धरते हे खरं, पण नववीचे कोर्स त्यांना दिसतात, आणि त्यांची जी ए-टू-जी नावाची प्रवेशासाठी लागणाऱ्या १५ कोर्सची यादी आहे त्यात नववीचा कोर्स धरायचा तर किमान सी लागतो.

गणितात उडी मारायची घाई

यावर जरा जास्त लिहिते कारण आमची सगळ्यात मोठी चूक इथं झाली.

बऱ्याच शाळांत गणिताची साखळी अशी असते: अल्जिब्रा वन, जिऑमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस. अल्जिब्रा वन नववीत केलं तर सरळ चालीनं बारावीत प्रीकॅल्कपर्यंत पोचता, आठवीत झालं असेल तर बारावीत कॅल्क्युलस येतं. म्हणजे इंजिनिअरिंग डोक्यात असेल तर ही साखळी आठवीतच कागदावर मांडून बघायला हवी, एवढं बरोबर आहे. चुकतं ते यापुढं. आम्ही आठवीनंतरच्या उन्हाळ्यात मुलीला सहा आठवड्यांत अख्खं जिऑमेट्री करायला लावलं, कारण दोन घरं सोडून राहणाऱ्या मुलानं केलं होतं. तिला ए मिळाला, आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. सप्टेंबरमध्ये अल्जिब्रा टू ऑनर्स सुरू झालं. ऑक्टोबरमध्ये एका रात्री साडेअकराला ती डायनिंग टेबलवर बसलेली, कागदावर एक्स स्क्वेअर मायनस पाच एक्स मायनस सहा, आणि तिनं अवयव पाडले होते एक्स मायनस दोन आणि एक्स मायनस तीन. मी म्हटलं, गुणून बघ. तिनं गुणलं, शेवटी अधिक सहा आलं, आणि ती तशीच कागदाकडं बघत राहिली. खोडून परत तेच लिहिलं. उत्तर होतं एक्स मायनस सहा आणि एक्स प्लस एक, पण मुद्दा तो नव्हताच, चिन्हांचा गोंधळ आठवीपासून होता आणि उन्हाळ्यातल्या त्या ए खाली तो झाकला गेला. पहिल्या क्वार्टरनंतर आम्ही तिला रेग्युलर लेव्हलला आणलं. रडली खूप. पण डिसेंबरपर्यंत झोप पूर्ण व्हायला लागली आणि गणितही सुधारलं.

म्हणून उडी मारायच्या आधी एक करा. मागच्या वर्षाच्या फायनल परीक्षेसारखा एक पेपर घ्या, वही बंद, फोन बाहेर, मुलाला एकट्याला सोडवू द्या. ८५-९० टक्क्यांच्या खाली आला तर पुढं ढकलू नका, मधल्या फटी आधी भरा.

ऑनर्स आणि एपी किती

एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचे कोर्स. ते कॉलेज बोर्ड या संस्थेचे, परीक्षा मे महिन्यात, स्कोर १ ते ५. नववीत बऱ्याच शाळा एखादंच एपी घेऊ देतात, ह्यूमन जिऑग्राफी नाहीतर कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स. घ्यायलाच हवं असं अजिबात नाही. ज्या शाळा एपीला एक पॉइंट जास्त देतात तिथं एपीतला बी वेटेड जीपीएत ४.० धरला जातो, पण अनवेटेडमध्ये तो ३.०च राहतो, आणि बरीच कॉलेजं जीपीए परत आपल्या पद्धतीनं काढतात. त्यामुळं नुसतं वेटेडच्या मागं लागून चार ऑनर्स आणि वर एक एपी असं नववीतच भरू नका. मुलाला खरंच आवडणारे दोन विषय ऑनर्सला, बाकीचे साधे, आणि दहावीत वाढवता येतं. उलट चूकही बघितलीय हां, सगळं सोपं घ्यायचं म्हणजे ए येतील, मग दहावीत ऑनर्स मागितलं की शाळा विचारते आधीचा कोर्स कुठाय.

आणि लंच सोडू नका! जास्तीचा कोर्स बसवायला काही मुलं लंचचा पिरियड देऊन टाकतात आणि आईवडिलांना नोव्हेंबरपर्यंत पत्ता नसतो की पोरगं केळं खाऊन दिवस काढतंय.

ग्रॅज्युएशनच्या अटीपण आधी वाचा. न्यू जर्सीत किमान १२० क्रेडिट (पूर्ण केलेल्या कोर्सचे पॉइंट) लागतात, पीई-हेल्थ (शारीरिक शिक्षण आणि आरोग्य) दरवर्षी, आर्ट्सचे ५, फायनान्शिअल लिटरसीचे अडीच. हे बारावीवर ढकललं की तिथं हवा तो कोर्स बसत नाही.

भाषेची साखळी तुटणे

स्पॅनिश वन करून एक वर्ष गॅप, मग स्पॅनिश टू, असं केलं की मुलं सगळं विसरतात. यूसी दोन वर्षं मागते, तीन असतील तर बरं असं म्हणते. जी भाषा घ्याल ती सलग घ्या. मराठीचं म्हणाल तर बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांनी आपल्या डिस्ट्रिक्टला नक्की विचारावं की सील ऑफ बायलिटरसीसाठी (दोन भाषा नीट येतात याची अधिकृत मोहोर) मराठीची परीक्षा धरतात का, क्रेडिट देतात का. प्रत्येक डिस्ट्रिक्टचे नियम वेगळे, पण विचारलंच नाही तर कोणी आपणहून येऊन देणार नाही.

क्लब फेअरला नऊ ठिकाणी नाव

सप्टेंबरमध्ये क्लब फेअर असतं, मुलं डेबेट, डेका (बिझनेसच्या स्पर्धांचा क्लब), सायन्स ऑलिंपियाड, रोबोटिक्स सगळीकडं ईमेल लिहून येतात. दिवाळीपर्यंत एकाही मीटिंगला जात नसतात. कॉमन ॲपमध्ये (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच प्रवेश अर्ज) ॲक्टिव्हिटीसाठी जागा १०, प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं, आणि आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे हे विचारतात. नुसतं "मेंबर" लिहून त्यात काही भरत नाही. नववीत दोन-तीन बास. एक शाळेतली, एक अंगाला घाम आणणारी, एक मनापासूनची. आणि शाळेबाहेरचं पण चालतं बरं का! सहा वर्षं तबला शिकतोय, गणपतीत ढोल वाजवतो, मराठी शाळेत लहान मुलांना शिकवायला मदत करते, हे सगळं त्यात येतं. घरी आजीआजोबा असतात, शाळेतून आल्यावर त्यांचं बघतो, तेही येतं, कौटुंबिक जबाबदारी अशी वेगळी कॅटेगरीच आहे. आपली मुलं हे लिहितच नाहीत कारण त्यांना ते "घरचं" वाटतं.

खेळ आणि मार्चिंग बँडवाल्यांनो, ट्रायआउट आणि कॅम्प ऑगस्टमध्येच असतात. डॉक्टरचा फिजिकल फॉर्म त्याआधी लागतो, आणि तेव्हाच सगळे भारतात गेलेले असतात. तिकीट काढायच्या आधी शाळेचं कॅलेंडर बघा.

एच-४ वर (एच-१बीसारख्या कामाच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या मुलांच्या पालकांनी एक लक्षात ठेवायचं, मुलांना पगाराचं काम चालत नाही. उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी, पैसे मिळणारी इंटर्नशिप, नाही. बिनपगारी सेवाभावी काम, स्पर्धा, स्वतःचं काहीतरी बनवणं याभोवती प्लॅन करा, म्हणजे दहावीत मित्र नोकरीला लागले की मुलाचं मन मोडत नाही.

नववीच्या मध्ये भारतातून येताय?

मग मार्कशीट नुसती स्कॅन करून देऊ नका. आपल्याकडं ७२ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, इथल्या ऑफिसात कोणी सरळ आकडा बघून सी लिहून मोकळं होतं. एका ओळखीच्या घरात अगदी हेच झालं आणि ते निस्तरायला चार महिने गेले. निघतानाच जुन्या शाळेच्या लेटरहेडवर ग्रेडिंग स्केल लिहून सहीशिक्क्यासकट आणा, विषयांचा सिलॅबस आणा, लसींची नोंद आणा. आणि गणितात कुठं बसवतायत ते विचारा, प्लेसमेंट टेस्ट मागा, कारण आपल्याकडं अल्जिब्रा आणि जिऑमेट्री दरवर्षी मिसळून असतं, इथल्या माणसाला मार्कशीटवर नुसतं "मॅथ्स" दिसतं.

आणि चूक झालीच असेल तर

पहिले काही दिवस ॲड-ड्रॉपची, म्हणजे कोर्स घ्यायची-सोडायची, मुदत असते, ती तारीख पहिल्याच आठवड्यात फ्रिजवर लावा. त्यानंतर कोर्स सोडला तर काही शाळांत ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (विथड्रॉ, कोर्स सोडल्याची खूण) येतो, पण लेव्हल खाली आणायची मुदत बऱ्याचदा त्याहून लांब असते, ते वेगळं विचारा. क्वार्टरला डी दिसला तर "पुढच्या वेळी करेल" म्हणून थांबू नका, त्याच आठवड्यात टीचरच्या एक्स्ट्रा हेल्पला पाठवा. वर्षाअखेर डी किंवा एफ राहिलाच तर उन्हाळ्यात परत करता येतो का आणि जुना ग्रेड तसाच राहतो का, हे दोन्ही लेखी घ्या.

कौन्सेलरला (कोर्स निवडीत मदत करणारे शाळेतले सल्लागार) ईमेल मुलानं स्वतः करावा, तुम्ही सीसीत राहा. त्यांच्या संघटनेची शिफारस एका कौन्सेलरमागे २५० मुलांची आहे, म्हणजे तेवढ्यातसुद्धा तुमचं मूल २५० पैकी एक. तर ईमेल छोटा, एकच प्रश्न, शाळेचा आयडी नंबर, आणि कोर्स सिलेक्शनचा फॉर्म भरायच्या शेवटच्या आठवड्यात न पाठवता त्याच्या दोन आठवडे आधी. आमच्या धाकट्यानं चार ओळींचा पाठवला, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मोठीच्या वेळी मी दीड पानी लिहिला होता, त्याला तीन आठवडे लागले.

जूनमध्ये रिपोर्ट कार्ड आलं की पोर्टलवरून ट्रान्सक्रिप्टची कॉपी मागून बघा. मिडल स्कूलमधलं अल्जिब्रा त्यावर धरलंय का, क्रेडिट बरोबर आहेत का, लेव्हल बदललेला कोर्स दोनदा तर दिसत नाही ना. आमच्याकडं तो दोनदा दिसत होता, आणि दुरुस्त करायला एक फोन पुरला कारण ऑफिस अजून उघडं होतं.