शब्दाचे मूळ कसे शोधावे

बेकरीत उभे राहून आपण "पाव किलो खारी आणि एक लादी पाव द्या" असे म्हणतो, तेव्हा एका दमात दोन निरनिराळे शब्द उच्चारलेले असतात. चौथा हिस्सा सांगणारा 'पाव' संस्कृत 'पाद' या शब्दापासून प्राकृतातून आला आहे, तर लादीतला पाव पोर्तुगिजांनी आणला आणि त्याचे मूळ लॅटिन 'पानिस' हे आहे. कणीक पायाने तुडवतात म्हणून पाव, ही मुंबईत घरोघरी ऐकू येणारी गोष्ट मात्र साफ चुकीची आहे. उच्चार जुळला म्हणजे मूळ सापडले, असे कधीही मानू नये.

शोध घेताना आधी शब्द नेमक्या कोणत्या अर्थाने वापरला जातो ते लिहून काढावे. मग मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती पाहावी, कारण तीत शब्दापुढे संस्कृत, फारसी, अरबी अशा मूळ भाषेची खूण दिलेली असते. त्यानंतर कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा व्युत्पत्तिकोश काढावा, आणि दोघांत फरक आढळल्यास दोन्ही मते नोंदवावीत.

एवढ्यावर थांबू नये. वस्तू कोणी आणि कुठून आणली, हेही विचारावे. काजू आणि अननस हे शब्द आपल्याला पोर्तुगिजांकडून मिळाले खरे, पण त्यांनीही ते ब्राझीलमधल्या तुपी लोकांच्या भाषेतून उचलले होते. बटाट्याचे नाव तर कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतले आहे. बाजारात रोज कानावर पडणारे शब्द केवढा समुद्र ओलांडून आले, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

बारशासाठी नाव निवडताना तर विशेष जपावे, कारण तयार याद्यांमध्ये एका भाषेचा अर्थ दुसऱ्या भाषेच्या नावाला सर्रास चिकटवलेला असतो. आपला 'किरण' प्रकाशाचा, तर ऐकायला जवळजवळ तसेच असलेले आयरिश नाव 'किअरन' हे 'काळा' या अर्थाच्या शब्दापासून झालेले आहे. दोघांचा काहीही संबंध नाही. याउलट संस्कृत 'तारा', फारसी 'सितारा' आणि ग्रीक 'आस्टेर' हे खरोखरच एका कुळातले आहेत.

'बोम बाइया' म्हणजे चांगला उपसागर, म्हणून बॉम्बे, अशी व्युत्पत्ती कोणी सांगितली तर व्याकरण तपासावे. पोर्तुगीजमध्ये 'बाइया' स्त्रीलिंगी असल्याने तिथे 'बोआ' हवे होते, 'बोम' नव्हे. मुंबादेवीशी असलेले नाते अधिक भक्कम आहे.

स्थळनामासाठी मात्र पायी फिरावे. चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून फ्लोरा फाउंटनपाशी यावे. ज्याच्यावरून स्थानकाला नाव मिळाले, तो किल्ल्याचा 'चर्च गेट' दरवाजा इथेच होता. १८६०च्या दशकात तट पाडले गेले आणि दरवाजाच्या जागी १८६४ मध्ये कारंजे आले. तसेच सरळ पुढे चालत गेल्यास दरवाजाला ज्याचे नाव मिळाले ते सेंट थॉमसचे चर्च हॉर्निमन सर्कलजवळ आजही दिसते.