शस्त्रकायद्याने बळी कमी होतात का, हे कसे तपासावे

नागपुरात खुनाची बातमी वाचली की कायदा आणखी कडक हवा, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु तो खरोखर उपयोगी पडेल का, हे ठरवण्यासाठी सर्वप्रथम बातमीतले हत्यार कोणते होते ते पाहावे. देशी कट्टा असेल तर परवान्याचे नियम आवळून फारसे साधत नाही, कारण कट्ट्याला परवाना मुळात नसतोच. तेथे बेकायदा निर्मिती आणि वाहतूक रोखावी लागते. चाकू असेल तर प्रश्न अधिक अवघड होतो. शस्त्र नियम, 2016 मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात, पण घरगुती आणि शेतीची अवजारे वगळलेली आहेत. त्यामुळे कांदा चिरायची सुरी कायद्याच्या कक्षेबाहेरच राहते, आणि रागाच्या भरात तीही हाताला लागते.

आकडे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) वार्षिक अहवालांतून घ्यावेत, ते दर लाख लोकसंख्येमागे वाचावेत आणि एकाच वर्षावर विसंबू नये.

परदेशाचे उदाहरण घेताना विशेष काळजी घ्यावी. 1996 मध्ये पोर्ट आर्थर येथे 35 जणांची हत्या झाल्यावर ऑस्ट्रेलियाच्या सरकारने नागरिकांकडून सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेतल्या. त्यानंतर बंदुकीचे बळी घटले, हे खरे. मात्र ते आधीपासूनच घटत होते, म्हणून घटीचा वेग वाढला का, हे विचारावे. आत्महत्या खुनांपासून वेगळ्या मोजाव्यात, कारण माझ्या मते कडक कायद्याचा लाभ तेथेच अधिक स्पष्ट दिसतो: निराशेच्या त्या काही मिनिटांत घरात बंदूक नसली, तर माणूस वाचू शकतो.