सुपरहिरोसाठी सूडाचा सापळा कसा रचावा

सूडाने पेटलेला शत्रू सापळा लावतो आणि सुपरहिरो त्यात अडकतो, हा प्रसंग इतक्या कथांतून येऊन गेला आहे की नव्याने लिहिणाऱ्याला तो सोपा वाटतो. ओसाड गोदाम, खुर्चीला बांधलेली प्रेयसी, छतावरून कोसळणारा पिंजरा आणि खलनायकाचे गडगडाटी हास्य एवढे साहित्य जमवले की काम झाले, असे समजून पाने भरली जातात. वाचकाला मात्र पहिल्याच पानावर दोन प्रश्न पडलेले असतात. जो नायक इमारत उचलू शकतो, तो गोदामात पाऊल टाकण्यापूर्वी क्षणभर विचार का करत नाही? आणि ज्याला नायकाचा जीवच घ्यायचा आहे, तो शत्रू त्याला आधी बोलावून का घेतो? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कथेच्या पोटातूनच मिळायला हवीत. कॉमिक, कथा, एकांकिका किंवा पटकथा यांपैकी काहीही लिहीत असाल, तरी पुढील क्रमाने काम केल्यास ती मिळतात असा अनुभव आहे.

सुरुवात पिंजऱ्यापासून करू नये. शत्रूच्या तक्रारीपासून करावी. शत्रू स्वतःच्या तोंडाने आपली कैफियत मांडतो आहे असे कल्पून एक पान लिहून काढावे. हे पान कथेत येणार नाही, पण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरूनच ठरेल. आपल्या वाचकाला सर्वांत परिचित असलेले उदाहरण महाभारतातले आहे. द्रौपदीला पळवून नेण्याचा प्रयत्न फसल्यावर भीमाने जयद्रथाचे मुंडन करून, डोक्यावर पाच शेंड्या ठेवून त्याची विटंबना केली. त्या अपमानाने जळत त्याने शंकराची आराधना केली आणि अर्जुन सोडून बाकीच्या पांडवांना एक दिवस रोखून धरता येईल एवढाच वर त्याला मिळाला. युद्धाच्या तेराव्या दिवशी मरेपर्यंत लढण्याची शपथ घेतलेल्या संशप्तक योद्ध्यांनी अर्जुनाला आव्हान देऊन दूर नेले, द्रोणांनी चक्रव्यूह रचला, अभिमन्यू आत शिरला आणि त्याच्या मागोमाग येणाऱ्या पांडवांना जयद्रथाने व्यूहाच्या तोंडाशी अडवले. येथे जयद्रथाचे बळ मर्यादित आहे, त्याला मिळालेला अवधी मर्यादित आहे, आणि नेमक्या त्या मर्यादेत बसेल असा दिवस येईपर्यंत तो वाट पाहतो. सूडाची कथा लिहिणाऱ्याने शत्रूला सर्वशक्तिमान करण्याचा मोह टाळावा, तो याच कारणाने. थोडक्या सामर्थ्यावर मोठा डाव लावणारा शत्रू वाचकाला अधिक भयंकर वाटतो.

कैफियत लिहून झाली की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपोआप हाती येते. सुपारी घेतलेला मारेकरी लांबून गोळी झाडून निघून जाईल, कारण त्याला फक्त मृत्यू हवा असतो. सूड घेणाऱ्याला साक्षीदार हवा असतो आणि तो साक्षीदार म्हणजे खुद्द नायक. आपल्याला हे का भोगावे लागते आहे, हे नायकाला कळल्याशिवाय त्याचे समाधान होत नाही. म्हणून तो बोलावतो, समोर बसवतो, वेळ घालवतो. खलनायकाच्या लांबलचक भाषणाची आज सर्रास थट्टा होते. ‘द इन्क्रेडिबल्स’ (२००४) या चित्रपटात तर सिंड्रोम नावाचा खलनायक स्वतःच बोलता बोलता आपण भाषण ठोकत असल्याचे ओळखतो. भाषण तोडके असावे हे खरेच, परंतु शत्रूची बोलण्याची गरज कथेतून काढून टाकली तर सूडच निघून जातो.

आता आमिष. सर्वाधिक वेळ येथे द्यावा, कारण सापळ्याची सारी गुणवत्ता आमिषात असते. सामान्य लेखक नायकाची दुबळी बाजू शोधतो. चांगला लेखक नायकाचा सर्वांत मोठा गुण कोणता हे पाहतो आणि दोरी त्यालाच बांधतो. शत्रूने नायकाचा अभ्यास त्याच्या चाहत्यांपेक्षाही बारकाईने केलेला असतो, आणि नायक कशाकडे पाठ फिरवू शकत नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. १९७८ च्या ‘सुपरमॅन’ चित्रपटातील खलनायक लेक्स लूथर पाहा. त्याचा हेतू सूडापेक्षा जमिनीच्या व्यवहाराचा आहे, पण आमिषाचे तंत्र अभ्यासण्यासारखे आहे. तो सामान्य माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंपनसंख्येवर संदेश पाठवतो आणि शहरातील हजारो लोकांना विषारी वायूने मारण्याची धमकी देतो. संदेश फक्त सुपरमॅनलाच ऐकू येतो, आणि ऐकल्यावर न जाणे त्याला शक्य नसते. त्याची श्रवणशक्ती आणि त्याची करुणा या दोघींनी मिळून त्याला भुयारातल्या अड्ड्यात नेले आहे.

‘द इन्क्रेडिबल्स’मधले आमिष त्याहून सूक्ष्म आहे. सुपरहिरोंवर बंदी आल्यानंतर बॉब पार हा एके काळचा वीर विमा कंपनीत टेबलामागे बसून दिवस काढतो आहे. ती नोकरीही जाते, आणि नेमके त्याच वेळी एका बेटावर मोकाट सुटलेल्या यंत्रमानवाला आवरण्याचे गुप्त काम त्याच्याकडे चालून येते. कोणी ओलीस नाही, धमकी नाही. केवळ आपण अजून उपयोगी आहोत ही भावना त्याला परत मिळते. ती देणारा सिंड्रोम म्हणजे, साहाय्यक होण्याची विनंती बॉबने पूर्वी धुडकावून लावलेला मुलगा. ज्याला नको असल्याची भावना आयुष्यभर छळत राहिली, त्याने हवे असल्याच्या भावनेचा गळ टाकावा, यात तक्रार आणि आमिष एकाच धाग्याने शिवली गेली आहेत. आपल्या आमिषाची परीक्षाही अशीच घ्यावी: या नायकाच्या जागी दुसऱ्या कथेतला नायक आणून उभा केला तरी तेच आमिष तितकेच चालत असेल, तर ते टाकून द्यावे. ओलीस धरलेली प्रेयसी या परीक्षेत बहुतेक वेळा नापास होते.

पुढचा निर्णय असा, की सापळा आहे हे नायकाला आधी कळते का. माझे मत स्पष्ट आहे: शक्यतो कळावे. अभिमन्यूने व्यूह भेदण्यापूर्वीच सांगितले होते की त्याला आत शिरणे येते, बाहेर पडणे येत नाही. त्या कबुलीमुळेच त्या प्रसंगाला उंची आली आहे. १९६४ च्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या पहिल्या वार्षिक अंकात डॉक्टर ऑक्टोपस स्वतःसह सहा शत्रूंची टोळी जमवतो आणि स्पायडर-मॅनची मैत्रीण बेटी ब्रँट हिचे अपहरण करून त्याला आव्हान देतो, तिच्याबरोबर त्याच्या मे काकूही पकडल्या जातात. त्या वेळी स्पायडर-मॅनची शक्ती त्याला सोडून गेलेली असते. समोर सापळा आहे, अंगात बळ नाही, तरी तो जातो. आणि शक्ती तिथे झगडतानाच परत येते. दरम्यान मे काकूंना डॉक्टर ऑक्टोपस मोठा सुसंस्कृत गृहस्थ वाटत असतो, हा त्या अंकातला विनोद ताण न घालवता हसवतो. जाणूनबुजून गेलेला नायक मूर्ख ठरत नाही, त्यामुळे वाचकाच्या पहिल्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. नायकाला काहीच ठाऊक नसावे असे ठरवलेच, तर ते वाचकाला ठाऊक असावे, म्हणजे नायक दार ढकलतो तेव्हा वाचकाचा श्वास अडकतो. दोघेही अंधारात असतील तर हाती फक्त धक्का उरतो आणि तो दुसऱ्या वाचनात टिकत नाही.

शक्ती निकामी करण्याचा मार्ग आधीच्या पानांवर पेरून ठेवावा. क्रिप्टोनाइट हा सुपरमॅनची शक्ती हिरावणारा पदार्थ. ते नभोवाणी मालिकेतून १९४३ मध्ये सुपरमॅनच्या कथेत आले आणि इतकी दशके लेखकांना पुरून उरले, याचे कारण त्याचे नियम वाचकाला पाठ आहेत. शिशापलीकडचे सुपरमॅनला दिसत नाही हाही तसाच नियम. लूथर क्रिप्टोनाइट शिशाच्या पेटीत ठेवतो आणि लूथरने सोडलेल्या दोन क्षेपणास्त्रांचे नियंत्रण तीत असावे असे समजून सुपरमॅन ती स्वतःच्या हाताने उघडतो. लेखकाने येथे एकही नवा नियम आणलेला नाही. ऐन प्रसंगी जन्माला आलेले यंत्र किंवा किरण वाचक स्वीकारत नाही.

हे सर्व एका कल्पित उदाहरणावर लावून पाहू. समजा, तुमच्या नायिकेला कोसभर अंतरावरची कुजबुज ऐकू येते. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली तेव्हा ढिगाऱ्यातून जिथून जिथून हाका येत होत्या तिथे ती धावली आणि अनेकांना तिने वाचवले. बेशुद्ध पडलेला एक तरुण हाक मारू शकला नाही आणि गेला. त्याचा थोरला भाऊ साखर कारखान्यात फिटर आहे. ‘जो ओरडू शकत नाही तो तुला दिसत नाही’, ही त्याची कैफियत. आता आमिष काय असावे? किंकाळी नव्हे, कारण किंकाळीला कोणताही नायक धावेल. नायिकेचे तबल्याचे गुरुजी रोज संध्याकाळी रियाज करतात आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला असूनही तिला तो ऐकू येतो. एके दिवशी आवर्तन मध्येच तुटते. ही शांतता जगात फक्त तिलाच ऐकू जाते.

जागा म्हणून ओसाड गोदाम येथे निरुपयोगी आहे. गळीत हंगाम ऐन भरात असलेला कारखाना घ्यावा: गव्हाणीत पडणारा ऊस, चरकांचा अखंड गडगडाट, वाफेचे फुत्कार, तीन पाळ्यांत राबणारी माणसे. तिथे तिचे कानच तिच्यावर उलटतात, आणि गुरुजी तोंड बांधलेल्या अवस्थेत, म्हणजे निःशब्द, कुठेतरी आत आहेत. फिटरने तिच्यापुढे तोच जुना प्रसंग नव्याने मांडला आहे, आणि न ओरडणाऱ्या माणसाला शोधणे तिला आजही जमणार नाही अशी त्याची खात्री आहे. सुटकेचे बीजही आधीच पेरलेले हवे. कथेच्या आरंभी कधीतरी गुरुजींनी तिला डोळे मिटून, तबल्याच्या लाकडावर तळवा ठेवून ताल ओळखायला लावले असेल, तर कारखान्यात लोखंडी नळावर बोटाने वाजवलेला तीनताल कानांना न सापडता तिच्या तळहाताला सापडू शकतो. इतके जमले की मारामारी दोन परिच्छेदांत उरकली तरी चालते.

सुटकेची किंमत मोजायला लावणे अपरिहार्य आहे, आणि ती किंमत शक्यतो सुटकेच्या साधनातूनच यावी. लूथरच्या सापळ्यातून सुपरमॅनला लूथरचीच सहकारी मिस टेशमाकर सोडवते, पण तिची आई राहते त्या हॅकेनसॅककडे निघालेले क्षेपणास्त्र तू आधी थांबवशील असे वचन घेऊन. तो वचन पाळतो, म्हणून दुसरे क्षेपणास्त्र पडते त्या कॅलिफोर्नियाला उशिरा पोहोचतो आणि त्याची प्रिय लोइस लेन मरते. पुढे काळ उलटा फिरवून तिला जिवंत केले जाते, तो भाग मला आजही पळवाट वाटतो. वचनाची गुंफण मात्र निर्दोष आहे. १९७३ मधील ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १२१ व्या अंकात अशी पळवाट ठेवलेली नाही. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक स्पायडर-मॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला पुलावर नेतो, ती खाली कोसळते, स्पायडर-मॅन जाळे टाकून तिला पकडतो, आणि ती मेलेली असते. त्या चित्रात तिच्या मानेजवळ एक छोटा ध्वनिशब्द आहे, ज्यावरून तिचा घात वाचवण्याच्या झटक्यानेच झाला असे मानले जाते. वेगाने पडणारे शरीर एकदम थांबवले की काय होते याचे गणित भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनीही मांडून दाखवले आहे. आपल्या उदाहरणात फिटरने नायिकेच्या कानाशी कारखान्याचा भोंगा सोडावा आणि नळावरचा हात न काढता तिने तो सहन करावा. एक कान कायमचा गेला तरी कथेवर अन्याय होणार नाही.

भिंती आणि साखळ्या नसलेला सापळाही रचता येतो, पण तो सर्वांत कठीण. ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’ (२०१६) मध्ये झेमो या खलनायकाचे कुटुंब सोकोव्हिया या देशात नायकांच्या लढाईत झालेल्या संहारात मेलेले असते. तो सैबेरियातले पाच महासैनिक जागे करणार आहे या समजुतीने नायक तिथे धावतात. प्रत्यक्षात त्याने ते पाचही आधीच ठार केलेले असतात. तिथे असते ती १९९१ सालातील एका रात्रीची चित्रफीत, ज्यात टोनी स्टार्कच्या (आयर्न मॅनच्या) आईवडिलांचा खून कोणी केला हे दिसते, आणि स्टीव्ह रॉजर्सला (कॅप्टन अमेरिकाला) ते आधीच माहीत होते हेही उघड होते. झेमोला हात उगारावाच लागत नाही. असा सापळा लिहायचा असेल तर खोटे चालत नाही. नायकाने खरोखर काहीतरी लपवलेले असावे लागते आणि ते बऱ्याच आधी, वाचकाच्या नजरेसमोर, क्षुल्लक वाटेल अशा रीतीने आलेले असावे लागते.

शेवटी शत्रूकडे परत यावे. पुष्कळ कथा नायक सुटताच त्याला पोलिसांच्या गाडीत बसवून मोकळ्या होतात, आणि ज्याच्या कैफियतीवर सारा डोलारा उभा केला त्याला काय मिळाले हे लिहायचेच राहते. झेमो डाव साधल्यावर स्वतःवर गोळी झाडू पाहतो आणि बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला टीचाला त्याला रोखतो. त्या एका दृश्यात दोन सूडांचा हिशेब होतो. फिटरसाठी असे दृश्य लिहिताना गुरुजी सापडल्याचे त्याला कोणी सांगू नये, त्याने ते स्वतः पाहावे. आणि दरडीखाली आपल्या भावाला शोधताना हिने असा हात लावून पाहिला होता का, हे त्याला विचारू द्यावे. नायिकेने खरे उत्तर द्यावे. ते उत्तर काय, हे पहिले पान लिहिण्यापूर्वी तुम्हाला ठाऊक असले पाहिजे.