कालच्या पावसाने झाडांचं भागलं का? घरीच मोजून पाहा

श्रावणात फसगत हमखास होते. दिवसभर सरी येत-जात असतात, अंगण ओलं, पानं निथळतायत, म्हणून आपण झाडांना पाणी घालत नाही. खुरपीने दोन बोटं उकरावं, तर खाली माती कोरडी ठणठणीत. उलट रात्री तासभर कोसळलेला पाऊस झोपेत कळतही नाही आणि सकाळी आपण झारी घेऊन हजर! घरचा पर्जन्यमापक असला की हा घोळ मिटतो.

कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्या. मात्र ती सरळ अंगाची हवी, कमरेत चेपलेली चालणार नाही. जिथे निमुळती व्हायला लागते तिथे कापा. तळात वजनासाठी खडे घाला आणि ते बुडून वर सरळ भाग लागेपर्यंत पाणी ओता. ती पातळी म्हणजे शून्य. तिथे पक्क्या मार्करने रेघ मारा आणि तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. कापलेला वरचा भाग टोपण काढून नरसाळ्यासारखा उलटा बसवा, कडेला चिकटपट्टी लावा.

सरळ बाटली नसेल तर कुठलाही डबा आणि नरसाळं चालतं. नरसाळ्याचं तोंड 11.3 सेंटिमीटर व्यासाचं मिळालं तर उत्तम, कारण त्याचं क्षेत्रफळ बरोबर 100 चौरस सेंटिमीटर भरतं. मग औषधाच्या मापाने मोजलेलं दर 10 मिलिलिटर पाणी म्हणजे 1 मिलिमीटर पाऊस.

जागा उघडी हवी. भिंत किंवा झाड मापकाहून जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. पागोळ्यांखाली तर नकोच. तोंड जमिनीपासून फूटभर वर असू द्या, म्हणजे शिंतोडे आत उडत नाहीत.

हवामान खातं सकाळी साडेआठला आधीच्या 24 तासांचा पाऊस मोजतं. आपणही तीच वेळ धरावी. आकडा टिपला की पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणा, आणि आठवड्यातून एकदा सगळंच बदला, नाहीतर डास होतील.

आता खरं काम. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर पाणी. ढगाळ पावसाळ्यात वाफ्याला दिवसाला साधारण 3 ते 4 मिलिमीटर लागतं, म्हणजे आठवड्याला 25 धरा; ऑक्टोबरच्या उन्हात त्याहून जास्त. समजा दोन बाय एक मीटरचा वाफा आहे आणि आठवड्यात 11 मिलिमीटर पडला. तूट 14 ची, म्हणून 28 लिटर, जवळपास दोन बादल्या. 2 मिलिमीटरच्या आतली भुरभुर मी बेरजेत धरतच नाही. ती पानांवरच वाळते. हवामान खात्याच्या लेखीही 2.5 मिलिमीटरखालचा दिवस पावसाचा नसतो. दुसऱ्या टोकाला, एका दिवसात 70 पडला म्हणून तीन आठवडे निश्चिंत राहू नका. जास्तीचं वाहून जातं. काळ्या मातीत ओल टिकते, मुरमाड जमिनीत दोन-तीन दिवसांच्या उघडिपीनंतर पुन्हा पाहावं लागतं.

कुंड्यांचा हिशोब वेगळा. 30 सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीत 10 मिलिमीटर पावसाने जेमतेम 700 मिलिलिटर पाणी येतं, तेही वर पानांची छत्री नसेल तर. सज्जाखालच्या कुंडीला अंगणातला आकडा लावूच नका. तिच्या मातीवर एक वाटी ठेवून द्या. सकाळी वाटी कोरडी दिसली तर झारी भरा.