मरळीसाठी जिवंत मासोळी, तीही हलक्या रॉडवर

नागपूरच्या आजूबाजूच्या तलावांवर मरळ धरायची असेल नं भाऊ, तर पहिले ते जाड तंगूस (नायलॉनचा दोरा) अन मोठं शिसं घरी ठेवून या. एवढं ओझं ओढत गळाला आमिष म्हणून लावलेली जिवंत मासोळी पोहणार कशी, थोड्या वेळात मरते अन मग लोक म्हणतात तलावात मरळच नाही. मरळ वेलांच्या कडेला दबा धरून बसते, तिला हलणारं काहीतरी दिसलं पाहिजे.

माझ्याकडे सहा फुटी लाइट रॉड, 2500 साइजचं स्पिनिंग रीळ अन 15 पौंड ताण झेलणारी ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, आहे. पुढे बारकं स्विव्हल (दोऱ्याला पीळ पडू न देणारी फिरती कडी), त्याला दीड फूट 25 पौंडाचं मोनो लीडर (हुकाआधीचा एकसरी नायलॉनचा तुकडा), मरळीचे दात बारीक दोरा घासून टाकतात म्हणून. हुक 1/0 साइजचा सर्कल, म्हणजे टोक आत वळलेला. पाण्यावर तरंगणारा फ्लोट छोटाच, हुकच्या दीड-दोन फूट वर, म्हणजे मासोळी खाली वेलात घुसून बसत नाही. शिसं शक्यतो नाहीच, वारा असला तर एक बारीक स्प्लिट शॉट (दोऱ्यावर दाबून बसवायचा मणी) पुरे. एवढ्या हलक्या सामानावर दाट वेलात टाकू नका, मरळ आत घुसली की दोरा तुटतो अन हुक तिच्या तोंडात राहतो, ते मला अजिबात पटत नाही. कडेकडेनंच टाका.

मासोळी दोन-तीन इंची, पाठीवरच्या पराखालच्या कातडीतून हुक घाला, कण्याला लागू देऊ नका. लांब फेकायचं असेल तर दोन्ही ओठांतून.

खरी मेहनत मासोळी जिवंत ठेवण्यात आहे. नळाचं पाणी नको, क्लोरीननं मरतात, तलावाचंच घ्या, बॅटरीवरचा एअर पंप लावा अन बादली सावलीत ठेवा, आपल्याकडच्या मे महिन्यात तर पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो अन सगळ्या मासोळ्या पोट वर करून तरंगतात.

फ्लोट बुडाला की झटका मारू नका! मरळीला दोरा ताणू द्या, मग नुसतं रीळ फिरवत राहा, सर्कल हुक आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा दिसला तर तिथे गळ टाकूच नका, खाली आईबाप राखणीला असतात, ते गेले की पिल्लं दुसरे मासे खाऊन टाकतात. बरेच तलाव मच्छीमार संस्थांकडे ठेक्यानं असतात तर आधी विचारून घ्या, अन पेंचच्या व्याघ्र प्रकल्पात गळ घेऊन जायचंच नाही.